फीत मीच लावली होती: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या सप्टेंबरात बालकॅन्सर संशोधनासाठी निधी गोळा करायला आम्ही फेरी काढली, तेव्हा आपण आला होतात. सोनेरी फितीची टाचणी नीट बसेना म्हणून आपण बराच वेळ अवघडून उभे होतात, आठवत असेल. ती फीत लावणारी बाई मीच. नंतर भाषण झालं, फोटो झाले, आणि मला बोलायचं होतं ते राहून गेलं.

माझी मुलगी दोन वर्षांची असताना तिला यकृताचा कॅन्सर झाला. सिस्प्लॅटिन या औषधाच्या जोरावर ती वाचली. त्याच औषधानं तिच्या कानातल्या सूक्ष्म पेशी मारल्या, आणि त्या पुन्हा येत नाहीत. खालच्या पट्टीतले आवाज तिला ऐकू येतात, वरचे निसटतात. 'स' तर तिच्यापर्यंत पोचतच नसे. पाढे घेताना मी 'सात' म्हणाले की ती हात पुढं करायची. मला आधी वाटलं, खोडी काढतेय. आता श्रवणयंत्र आहे, ती सहावीत आहे, आणि वर्गात दिवसभर बाईंच्या ओठांकडं टक लावून बसते. घरी येते ती दमूनच.

याला उपाय निघाला, तो तिचे उपचार संपून गेल्यावर. सोडियम थायोसल्फेट. फोटो धुणारे लोक ज्याला 'हायपो' म्हणायचे तेच रसायन! नवं काही शोधायचं नव्हतंच. फक्त दोन गोष्टी तपासायच्या होत्या: सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी ते दिलं तर कान वाचतात का, आणि कान वाचवताना कॅन्सरलाही अभय मिळत नाही ना. २०१८ साली निष्कर्ष छापून आले. श्रवणदोष झालेल्या मुलांचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलं, आणि कॅन्सरवरचा इलाज कमकुवत झाल्याचं दिसलं नाही. पण या चाचणीत मुलं होती अवघी १०९. तेवढी मिळवायला १२ देशांतली रुग्णालयं एकत्र आली आणि २००७ पासून २०१४ पर्यंतचा काळ गेला.

साहेब, आपण मंजूर करता तो निधी आर्थिक वर्ष संपलं की परत जातो. रक्ताच्या कॅन्सरमध्ये नुसते उपचारच दोन-तीन वर्षं चालतात. एका वर्षाच्या पैशात तिथं काय तपासणार?

औषध कंपन्यांकडून फार आशा नाही, आणि त्यात त्यांना शिव्या घालण्यातही अर्थ नाही. जगात वर्षाला कॅन्सरचे सुमारे २ कोटी नवे रुग्ण सापडतात. त्यात मुलं आणि किशोरवयीन मिळून ४ लाखांच्या आसपास, तीही अनेक वेगवेगळ्या आजारांत विभागलेली. एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी कोण दुकान मांडणार? म्हणून हे काम फिरून फिरून सरकारकडं आणि आमच्या देणगीच्या डब्यांकडं येतं.

डब्याचंही सांगते, कारण तो घेऊन मी सहा वर्षं उभी आहे. 'एका मुलाच्या ऑपरेशनसाठी' म्हटलं की नोटा पडतात. 'संशोधनासाठी' म्हटलं की लोक थबकतात, 'म्हणजे नक्की कशासाठी?' खरं उत्तर असं, की गाठीचे नमुने उणे ८० अंशांवर ठेवणाऱ्या फ्रीझरसाठी, नोंदी भरणाऱ्या माणसाच्या पगारासाठी, बरी झालेली मुलं पुढं कशी आहेत हे वर्षानुवर्षं विचारत राहण्यासाठी. 'फ्रीझरच्या वीजबिलासाठी चालायला या' असं पत्रकावर छापून बघा, किती जण येतात!

लोकांना चेहरा लागतो, हे जुनंच आहे. १९४८ साली बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांमध्ये आजार काही काळ मागं हटवून दाखवला. त्यासाठी वापरलेलं औषध भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं. पैसा मात्र ओतला गेला तो बारा वर्षांच्या एका आजारी मुलाचा आवाज रेडिओवर ऐकून. 'जिमी' हे त्याला दिलेलं टोपणनाव. बेसबॉलचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती जमले, पोरानं गाणं म्हटलं, आणि २० हजार डॉलर मागितले होते तिथं २ लाखांहून जास्त आले. मला ती गोष्ट फार आवडते. पण तिच्यावर खातं चालवता येत नाही. आम्ही दर वर्षी नवा जिमी शोधतो, आणि तो शोधताना मलाच माझी लाज वाटते.

चेहरा लागत नाही असा पैसा फक्त सरकारकडं असतो. म्हणून मागणं एवढंच, की बालकॅन्सर संशोधनाला किमान सात वर्षं चालणारं, मध्येच परत न जाणारं स्वतंत्र खातं द्या. लोकांच्या डब्यात पडेल तेवढीच भर त्यात सरकारनं घालावी, आणि परदेशांतल्या चाचण्यांत आपली रुग्णालयं सामील होतात तेव्हा परवानगीची फाईल महिनोन्महिने अडकू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० पर्यंत जगातली किमान ६० टक्के कॅन्सरग्रस्त मुलं वाचावीत असं उद्दिष्ट २०१८ साली ठेवलं. ते गाठाच. पण वाचलेल्यांच्या कानांचं, हृदयाचं, पुढं मूल होण्याचं काय, हेही त्याच खात्यातून विचारलं जाऊ द्या.

सप्टेंबरात पुन्हा फेरी आहे. आपल्याला निमंत्रण येईलच. या वेळी फीत माझी मुलगी लावणार आहे. तिच्याशी बोलाल तेव्हा मास्क तेवढा खाली घ्या, तिला ओठ दिसावे लागतात.

आपली नम्र,
एका सहावीतल्या मुलीची आई