झुडपी जंगलाच्या हस्तांतरणात ग्रामसभा कुठे आहे?

महोदय,

विदर्भातील झुडपी जंगल, म्हणजे महसुली नोंदीत त्या नावाने असलेली खुरट्या झुडपांची जमीन, ही वनजमीनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी स्पष्ट केल्यापासून सारी चर्चा महसूल आणि वन या दोन खात्यांभोवतीच फिरत आहे. या दोघांची कामे मुळातच वेगळी आहेत. जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार जिल्हाधिकारी सरकारी जमीन राखतात, तशीच ती सार्वजनिक कामांसाठी नेमून देतात. साहजिकच शाळा, कार्यालये किंवा दफनभूमीसाठी मागणी आली की महसूल खात्याला झुडपी जंगल ही हाताशी असलेली मोकळी जागा वाटत आली. वनखात्याचा भर हद्द आखण्यावर आणि मनाईवर असतो, शिवाय १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर वनजमिनीचा वनेतर वापर करण्यासाठी राज्य सरकारलाही केंद्राची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. म्हणूनच जमिनीचे कित्येक गट कागदोपत्री झुडपी जंगल आणि प्रत्यक्षात नांदती वस्ती, अशा अवस्थेत अडकले. ‘वन’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापूर्वीच्या, म्हणजे १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना केंद्राच्या मंजुरीची वाट न्यायालयाने खुली ठेवली, हे योग्यच झाले.

ग्रामसभेचे नाव मात्र या चर्चेत कुणीच घेत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यातील ‘वनजमीन’ या संज्ञेत अवर्गीकृत आणि सीमांकन न झालेली वनेही येतात, सामूहिक हक्कांमध्ये निस्ताराचा, म्हणजे चराई, जळण अशा गावाच्या रोजच्या गरजांसाठीच्या वापराचा उल्लेख नावानिशी आहे, आणि गाव परंपरेने राखत आलेल्या वनाचे व्यवस्थापन करण्याचा हक्कही त्यात आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला. तरी स्वतःच्या बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडले. कायद्याने दिलेला हक्क खात्याकडून सुटायला इतका वेळ लागतो, हे विसरून चालणार नाही.

आता न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे महसूल खात्याकडे उरलेली झुडपी जमीन वनखात्याकडे गेली आणि पर्यायी वनीकरणासाठी (इतरत्र वापरल्या गेलेल्या वनजमिनीच्या बदल्यात झाडे लावण्यासाठी) तिला कुंपण पडले, तर गावची गुरे चरायची कुठे? हस्तांतरणापूर्वी प्रत्येक गटाची मोजणी ग्रामसभेसमक्ष व्हावी, जुने निस्तारपत्रक (गावाच्या निस्तार हक्कांची नोंद) ताबा पावतीला जोडावे आणि सामूहिक वनहक्काचे दावे प्रलंबित असलेले गट, त्यांचा निकाल लागेपर्यंत, वनीकरणाच्या आराखड्यातून वगळावेत, अशी मागणी आहे.

— एक वाचक, चंद्रपूर