हिवाळी हवेतील कण नुसती धूळ नव्हेत

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की आपल्या दैनिकात रोज शहरनिहाय पीएम 2.5 चे, म्हणजे हवेतील 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांचे, आकडे छापून येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्यासोबतच्या मजकुरात या कणांचा उल्लेख बहुतेक वेळा ‘धूलिकण’ असा होतो आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर बांधकामाची माती उभी राहते. या सूक्ष्म कणांचा मोठा हिस्सा सेंद्रिय असतो. लाकूडफाटा व कचरा जाळल्याचा धूर, वाहनांचे उत्सर्जन आणि झाडांनी सोडलेल्या वायूंची ओझोनशी अभिक्रिया होऊन तयार झालेली संयुगे यांतून तो घडतो. मातीचा कण मातीच राहतो. सेंद्रिय कण मात्र हवेतील ओलावा आणि तापमान यांनुसार द्रव, चिकट अर्धघन किंवा चक्क काचेसारखा होतो. या अवस्थांतराविषयी मराठी वृत्तपत्रांत जवळजवळ काहीच येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

लोणावळ्याची चिक्की ज्यांनी पावसाळ्यात उघडी ठेवली असेल, त्यांना यामागचे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. पाक थंड होताना त्याचे स्फटिक न बनता कडक, ठिसूळ काच बनते आणि तीच काच दमट हवेतील पाणी शोषून मऊ पडते. सेंद्रिय कणांतही पाण्याचे रेणू हेच काम करतात. फरक पडतो तो किती, हे श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या आकड्यांवरून कळते. पाण्याची श्यानता सुमारे 0.001 पास्कल-सेकंद असते, तर काचेसारख्या अवस्थेची 1 वर 12 शून्ये इतकी किंवा त्याहून अधिक. पातळ कणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेणू क्षणार्धात पोहोचतो. काचरूप कणात त्याच प्रवासाला वर्षे लागू शकतात.

तरीही हे कण द्रव थेंबांसारखे असून भोवतीच्या वायूंशी त्यांचा समतोल झटपट साधला जातो, असे वातावरणाच्या गणिती प्रारूपांत दीर्घकाळ गृहीत धरले जात होते. त्याला धक्का बसला 2010 साली. फिनलंडमधील ह्युतियाला येथील पाइनच्या जंगलातील कण शास्त्रज्ञांनी एका उपकरणातील धातूच्या पट्ट्यांवर वेगाने आदळवले. थेंब असता तर पट्टीला चिकटला असता. हे कण उसळून खालच्या टप्प्यात जाऊन पडले, म्हणजे ते घन होते. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग विज्ञानात क्वचितच पाहायला मिळतो. पुढे ॲमेझॉनच्या दमट जंगलात याच पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा तिथले कण मात्र बहुतांशी द्रव आढळले. गंमत अशी, की मनाउस शहराचा किंवा जंगल जाळल्याचा धूर तिथवर पोहोचला, की भरपूर आर्द्रतेतही काही कण उसळू लागत. म्हणजे नुसत्या हवामानावर भागत नाही. कण कशाचा बनला आहे, हेही पाहावे लागते.

याचा आरोग्याशी थेट संबंध आहे. ज्वलनातून निघणारे बेंझो-ए-पायरीन हे कर्करोगकारक संयुग ओझोनच्या संपर्कात एरवी काही तासांत नष्ट व्हायला हवे. पण कणावर दाट सेंद्रिय थर असेल, तर ओझोन आत शिरू शकत नाही आणि ते विष दूरवर वाहून जाते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने हे संरक्षण हिशेबात घेतले, तेव्हा फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या धोक्याचा अंदाज वाढला. थंड, कोरड्या हवेत हे कवच अधिक टिकते. उष्ण आणि दमट हवेत ते पातळ होते. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावरील आणि पुणे-नाशिकच्या कोरड्या हिवाळी दुपारच्या हवेत पीएम 2.5 चा आकडा एकच असला, तरी त्या दोन्ही हवा सारख्याच समजणे मला धाडसाचे वाटते.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. अनेक स्वयंचलित मापनयंत्रांत हवा आत घेतानाच थोडी तापवून तिच्यातील ओलावा कमी केला जातो, जेणेकरून कणांवरील पाण्याचे वजन धरले जाऊ नये. मापनात एकसारखेपणा हवा असल्याने हे योग्यच आहे. परंतु पहाटेच्या दाट धुरक्यात आपण श्वासावाटे घेतो तो कण पाण्याने फुगलेला असतो आणि छापून येतो तो वाळवलेल्या कणाचा आकडा.

यासाठी माझ्या दोन सूचना आहेत. प्रदूषणाच्या रोजच्या चौकटीत त्या ठिकाणचे तापमान आणि सापेक्ष आर्द्रताही छापावी; अनेक केंद्रांवर या नोंदी होतच असतात, त्यामुळे वेगळा खर्च नाही. दुसरे, हवेवरील बातमी करताना आपल्या वार्ताहरांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाला केवळ आकडा न विचारता, त्या कणांत सेंद्रिय भाग किती होता आणि तो कशाच्या ज्वलनातून आला, हेही विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर तसे छापावे.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, पुणे