पेपर एप्रिलअखेर, मग तपासायचे कधी?

संपादक महोदय,
२०२५ ला पहिली ते नववीची वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशी राज्यभर एकच लावली, ती पद्धत कायम ठेवा असं सांगणारं पत्र आपल्याकडे वाचलं, म्हणून लिहितेय. मार्चमध्येच वर्ग ओस पडू नयेत हा हेतू मान्य. पण आमच्यासारख्या छोट्या विनाअनुदानित शाळेत पाचवी ते आठवीची एकेकच तुकडी, गणित-विज्ञान एकाच मॅडमकडे, म्हणजे चारही वर्गांचे गठ्ठे तिच्याच टेबलावर आणि निकाल मात्र १ मेला पाहिजे! मध्ये उरले पाच दिवस, त्यात तपासणी, नोंदी, श्रेणी, प्रगतिपुस्तकं सगळं. पाचवी-आठवीला तर आता नापासही करता येतं, तिथे घाईत चुकलेला एक मार्कसुद्धा पोराला जूनच्या फेरपरीक्षेला बसवू शकतो. शिवाय जळगाव-भुसावळचं एप्रिलचं ऊन! पेपर सकाळी घेतला तरी खेड्यावरची पोरं सायकलवर घरी पोचेपर्यंत डोकं तापतं (पंख्याचं विचारू नका, लाईट असली तर). उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात, तशी खानदेशाला निदान आठ दिवस आधी पेपर संपवायची मुभा शिक्षण विभागाने द्यावी.

– एक शिक्षिका, ता. रावेर, जि. जळगाव