ती ब्लू टिक माझी नव्हती

प्रिय चिऊ,

पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. कागदावर लिहितेय त्याला कारण आहे आणि ते सांगायचा धीर गोळा करण्यात माझे चार दिवस गेले.

रविवारी रात्री तू तो लांबलचक मेसेज पाठवलास, तुझ्या घरात जे चाललंय त्याबद्दलचा. त्यावर तुला ब्लू टिक दिसली असणार, आणि उत्तर मात्र नाही. सोमवारी तू नुसतं 'ठीक आहे' पाठवलंस. चिऊ, ती ब्लू टिक माझी नव्हती. मी अंघोळीला गेले होते, फोन चार्जिंगला होता. बाहेर येऊन बघते तर बाबा चष्मा कपाळावर चढवून अंगठ्याने सरकवत वाचतायत. तुझा मेसेज, त्याआधीचे, त्याच्याही आधीचे. पिन त्यांना माहीत आहे, फोन मिळाला तेव्हा तीच अट होती. पण अट होती अडीअडचणीची. रविवारी कुठली अडचण होती?

मी इतकी ओरडले की आई स्वयंपाकघरातून धावत आली. बाबा शांतपणे म्हणाले, "लपवण्यासारखं काही आहे का त्यात?" मला त्या क्षणी काही सुचलंच नाही. राग त्याचाच जास्त आला.

आणि योगायोग बघ. वर्गातल्या वादविवादात मला त्याच आठवड्यात पोलिसांची बाजू मिळालेली. विषय, ॲपल विरुद्ध एफबीआय. 2 डिसेंबर 2015 ला अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोमध्ये गोळीबार झाला, 14 माणसं गेली. हल्लेखोराचा एक आयफोन हाती लागला, पण त्याला पासकोड होता. चार आकडी पासकोड म्हणजे 10,000 शक्यता, यंत्राला किरकोळ काम. पण दहा वेळा चुकलं की सगळं पुसून टाकायची सोय या फोनमध्ये असते आणि ती चालू असेल तर हाती काहीच उरणार नाही. म्हणून फेब्रुवारी 2016 मध्ये कोर्टाने ॲपलला सांगितलं, हा अडसर काढणारं सॉफ्टवेअर बनवून द्या. ॲपल म्हणाली, नाही. एका फोनसाठी घडवलेली किल्ली उद्या बाकीच्या फोनांनाही लागेल. मार्चमध्ये सुनावणीच्या आदल्या दिवशी एफबीआयने दुसरी वाट सापडल्याचं सांगितलं आणि पुढे प्रकरण मागे घेतलं. म्हणजे इतका गाजावाजा होऊन निकाल लागलाच नाही!

माझा हुकमाचा एक्का वेगळाच होता. तो फोन मुळात हल्लेखोराच्या मालकीचा नव्हता, तो जिथे नोकरी करायचा त्या काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचा होता. आणि खुद्द मालक म्हणत होता, उघडा. मग ॲपलचं काय जातंय? हे वाक्य मी आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं होतं. आणि रविवारी बाबा काय म्हणाले असतील? "फोन मी घेऊन दिलाय."

माझाच एक्का माझ्यावर पडला. रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या बाजूच्या मुलाने आणलेला एक निकाल मात्र डोक्यातून जात नाही. अटक केलेल्या माणसाचे खिसे पोलीस तपासू शकतात. खिशात सिगारेटचं पाकीट सापडलं तर ते उघडूनही बघता येतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये म्हटलं होतं. मग खिशातला फोन? 2014 मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं, फोन पाहायचा तर साधारणपणे आधी वॉरंट आणा. एका फोनमध्ये माणसाची वर्षानुवर्षं साठलेली असतात, पाकिटात मावतं तेवढ्याशी त्याची बरोबरी नाही.

मी त्यापुढे आणखी एक म्हणेन. सिगारेटच्या पाकिटात दुसऱ्या कोणाचं काही नसतं. माझ्या फोनमध्ये तू आहेस. मी बाबांना 'वाचा' म्हटलं असतं तरी ती परवानगी अर्धीच झाली असती, कारण तुला कोणी विचारलंच नव्हतं. लपवण्यासारखं माझं काहीच नव्हतं गं. जपण्यासारखं तुझं होतं.

आपण किती निर्धास्त होतो! व्हॉट्सॲपने 2016 च्या एप्रिलमध्ये सगळ्यांच्या मेसेजना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन दिलं, मधल्या कोणाला वाचता येत नाही. पण कुलूप वाटेवर आहे, टोकांना नाही. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी, आणि माझ्या टोकावर बाबा बसलेले. 2021 मध्ये ज्यावरून जगभर गदारोळ झाला तो पेगॅसस, फोनवर हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, तोही टोकावरच बसतो. फोनमध्येच शिरतो, मग कुलूप कितीही भक्कम असो. (बाबांना मी रागाच्या भरात पेगॅसस म्हटलं. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, ते हसले नाहीत.)

बाबांची भीती मात्र खोटी नाही. त्यांच्या ओळखीतल्या एका मुलीशी कोणीतरी खोट्या नावाने मैत्री केली, फोटो मागितले, मग धमक्या. ती दोन महिने कोणाशी बोलली नाही. हे ऐकून माझ्याही पोटात गोळा आला. मी कुठे आहे हे त्यांना लोकेशनवरून कळू दे, कुठली ॲप टाकलीयत ते बघू दे, माझी ना नाही. पण मला वाटतं, ती मुलगी गप्प राहिली ती कोणी तिचा फोन तपासला नाही म्हणून नव्हे. सांगितलं तर आधी फोन जाईल, या धास्तीने ती गप्प बसली असेल. तुला काय वाटतं?

बुधवारी मी बाबांना आईच्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्याबद्दल विचारलं. त्यात आईच्या मैत्रिणीची जुनी पत्रं आहेत. "तुम्ही कधी वाचलीत?" ते म्हणाले, "छे, ती तिची आहेत." मी काही बोलले नाही. तेही जरा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, तुझी मैत्रीण बरी आहे ना? तेव्हा कळलं, त्यांनी मेसेज शेवटपर्यंत वाचलाय. त्यांनी तो आईलाही सांगितलेला नाही, हे मी खात्री करून घेतलंय.

पिन मी बदललाय. नवा पिन एका बंद लिफाफ्यात आईकडे आहे, खरी अडचण आली तरच फोडायचा. बाबा कुरकुरले, पण हो म्हणाले.

आता एक तू ठरव. तुझे मेसेज मी अजून पुसलेले नाहीत. ते तुझे आहेत, म्हणून तुला न विचारता पुसायचे नाहीत असं वाटलं. ठेवू की काढू? आणि रविवारच्या मेसेजबद्दल मला खूप बोलायचंय, पण फोनवर नको. शनिवारी भेटतेस?

तुझी,
मनी