मोटरवाली सायकल आणि पाताळपाणी

इंदूर,
२४ ऑगस्ट

प्रिय बाळ्या,

‘मोटर लावून सायकल चालवणं म्हणजे उपासाला साबुदाणावडा,’ असं माझ्या ई-सायकलच्या सहलीचं ऐकून म्हणालास आणि फोनवर वहिनींना आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसलास. फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तू मध्येच बोलतोस. म्हणून हे पत्र. आता तुला गप्प बसून वाचावंच लागेल.

महूकडची दोन-तीन पोरं पावसाळ्यात सकाळची सहल काढतात. ई-सायकलवरून पाताळपाणीचा धबधबा, तिथे कड्याच्या काठाकाठाने पायी हिंडणं आणि जेवायच्या वेळेला परत. भाचीने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. ‘मामा, तुम्ही रिटायर झाल्यापासून फक्त सराफ्यापर्यंत चालता, तेही खायला,’ हे तिचं म्हणणं. उत्तर सुचलं नाही, म्हणून गेलो.

पहाटे तिच्या गाडीतून महू गाठलं. पोह्यांचं सांगत नाही, उगाच जळशील. छावणीतले रस्ते अजून तसेच सरळसोट आहेत. होळकर महिदपूरला हरले, १८१८ साली मंदसोरचा तह झाला आणि मग इंग्रजांनी महूला छावणी बसवली, हे आपण परीक्षेपुरतं घोकलं होतं. त्याच छावणीत १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला. स्मारकाच्या बाजूने निघालो तेव्हा पाऊस नव्हता, पण हवा पिळली तर पाणी निघेल अशी होती.

आता तुझ्या वड्याकडे येतो. सायकल दिसायला साधीच. दांडीत एक जाडजूड बॅटरी आणि मागच्या चाकाच्या मधोमध डब्यासारखा गोल, तीच मोटर. २५० वॉटची. आपल्याकडे २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असला की ना नंबरप्लेट लागते, ना लायसन. आणि हे नीट वाच: आम्हाला दिलेल्या सायकली पेडल मारलं तरच पळतात. पाय थांबले की मोटर थांबते. पेडलपाशी एक सेन्सर असतो, आपण पाय फिरवतोय हे त्याला कळायला अर्धा फेरा जातो, आणि मग मागून एकदम रेटा बसतो. पहिल्यांदा तो बसला तेव्हा मी अशा वयाला न शोभणारा शब्द उच्चारला आणि भाचीने तो ऐकला. ब्रेकला बोट लागलं की मोटरची वीज तिथल्या तिथे तुटते. आमच्या वाटाड्या पोराने सुरुवातीलाच बजावलं होतं, ‘अंकल, घबराओ तो ब्रेक. कुछ समझ में नी आए तो भी ब्रेक.’ गेल्या कित्येक वर्षांत इतकी स्पष्ट सूचना मला बँकेच्या एकाही परिपत्रकात वाचायला मिळाली नाही.

त्याने सगळ्या सायकलींची पुढची मडगार्डं काढून ठेवली होती. का, असं विचारलं तर त्याने नुसतं शेताकडे बोट केलं. डांबरी सोडून सोयाबीनमधल्या गाडवाटेला लागलो आणि उत्तर मिळालं. आपली काळी माती! पावसात ती चाकाला धरते, दुसऱ्या फेऱ्यात पहिल्या थरावर दुसरा थर चढतो, आणि मडगार्ड असेल तर त्याच्यात आणि चाकात ती अशी ठासून बसते की चाक फिरायचंच थांबतं. मग मोटर २५० वॉटची असो की हजाराची. मागची मडगार्डं ठेवली होती, तर तिथे तेच झालं. सगळे उतरलो, बाभळीच्या काटक्या मोडल्या आणि चिखल कोरत बसलो. खाली सांडलेले काटे मात्र पोरगा एकेक वेचून बाजूला टाकत होता, कारण तोच काटा टायरमध्ये गेला की पंक्चर त्यालाच काढायचं. माझ्या सँडलचं वजन तोवर दुप्पट झालं होतं. सँडल घालून आलेला मी एकटाच नव्हतो, एवढं सांगून ठेवतो.

एक गोष्ट मला नवीन होती. माळवा सपाट आहे असं धरूनच आपण लहानाचे मोठे झालो. गाडीच्या काचेतून तो सपाटच दिसतो. सायकलच्या हँडलवर एक छोटा पडदा असतो, त्यावर बॅटरीच्या रेघा. डोळ्याला रस्ता सरळ दिसत असतो आणि एक रेघ गायब होते. मांडीला कळतं, मग मागे वळून बघितलं की कळतं, अरे, आपण चढून आलो. नाल्यात उतरायचं, पुन्हा वर यायचं, असं सारखं चालू असतं. सोयाबीन गुडघ्याएवढं होतं, मध्येच मक्याचा पट्टा, मग पळस, मग सागाची झाडं सुरू झाली. साग फुललाय सध्या. ती पांढुरकी बारीक फुलं तू कधी पाहिली आहेस का? आपण सागाची फक्त दारं पाहिली.

आणि मग जमीन संपते.

तुझ्या पुण्याकडचे धबधबे मी पाहिलेत, तू दर पावसाळ्यात फोटो पाठवून डोकं खातोस. तिथे डोंगर आपल्या डोक्यावर असतो आणि मान वर करून बघायचं. दोन तास आधीपासून तो डोंगर दिसत असतो, मनाची तयारी होते. आमच्याकडे तसं काही नाही. शेत, शेत, शेत, एक रेल्वे फाटक, भुट्टेवाल्यांच्या शेगड्या, आणि पुढच्या वीस पावलांत विंध्याचा कडा तुटतो. चोरल नदी अगदी निवांत येते आणि साधारण ३०० फूट खाली पडते. आपण वर उभे असतो आणि धबधबा पायाखाली. आम्ही पोचलो तेव्हा दरीत ढग भरला होता. दिसत काहीच नव्हतं, फक्त आवाज, तोही खालून. भाची म्हणाली, पैसे परत मागू या का. वाटाड्या म्हणाला, भुट्टा खाओ. तो भाजून, लिंबू-मीठ चोळून हातात येईपर्यंत ढग वर सरकला आणि आधी समोरची कड, मग खडकाचे आडवे थर, मग पाणी दिसलं. लाल मातीच्या चहासारखं पाणी आहे सध्या.

तो आम्हाला कठड्यापाशी उभं करून म्हणाला, ‘पाणी मत देखो, वो पत्ते देखो.’ वरच्या अंगाला नदीच्या पात्रात वाहत येणारा पालापाचोळा तो सारखा न्याहाळत होता. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं जास्त यायला लागली, आवाज जाड झाला, की समजायचं वरती कुठेतरी पाऊस कोसळलाय. इथे डोक्यावर ऊन असलं तरी. बेसाल्टचा खडक पाणी फारसं पीत नाही आणि वरची काळी माती एकदा तुडुंब झाली की तीही घेत नाही, मग सगळं पाणी एकदम पात्रात उतरतं. २०११ च्या जुलैतली ती बातमी आठवते ना? सहलीला आलेलं कुटुंब पात्रात अडकलं आणि लोंढ्याबरोबर कड्यावरून गेलं. देशभर टीव्हीवर दाखवलं होतं, आई तर महिनाभर कुणाला पाताळपाणीचं नाव काढू देत नव्हती. आता पावसाळ्यात पात्रात उतरायला मनाई आहे, कठडा आहे. तरी एक जण सेल्फीसाठी कठड्यापलीकडे पाय टाकून उभा होताच. त्याला आमच्या पोराने ज्या भाषेत आत घेतलं ती पत्रात लिहिण्यासारखी नाही, पण मला आवडली.

कड्याबद्दल त्याने आणखी एक सांगितलं आणि ते मला जास्त पटलं. लाव्हाचे हे थर एकसारखे टणक नसतात. खालचा मऊ थर पाण्याने आधी झिजतो, वरचा टणक थर अधांतरी पुढे येऊन राहतो, आणि कधीतरी एखादा कपचा सुटतो. म्हणजे आपण ज्या टोकावर ऐटीत उभे राहतो, त्याच्याखाली काही असेलच असं नाही. हे ऐकल्यावर मी तीन पावलं मागे आलो. भाची पाच.

तिथून पुढे पायी. सागातून, काठाला धरून पण काठापासून राखून, तीनेक किलोमीटर. वाट सोपी आहे, दगड मात्र शेवाळलेले. गुडघ्यापेक्षा घोट्याची काळजी घ्यावी लागते. माकडांनी एकीच्या पिशवीतून बिस्किटं नेली, पुडा फोडून, बसून, आमच्याकडे बघत खाल्ली. रिकामी प्लास्टिकची वेष्टनं आधीच इतकी पडली होती की माकडांना बोलण्यात अर्थ नव्हता. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात अनेकदा पहिलं आलं, आणि तेच इंदूरकर तासाभरावर जाऊन काय करतात ते येऊन बघ. वर एकाने स्पीकर आणला होता. धबधब्यापुढे स्पीकर! असो.

चालताना खालून गाडीची शिट्टी ऐकू आली. मीटरगेज, बाळ्या! २०१८ च्या डिसेंबरात पाताळपाणी-कालाकुंड ही हेरिटेज गाडी सुरू केली आहे. तुझ्या मामाकडे खंडव्याला जाताना कालाकुंडला पळसाच्या पानात कलाकंद मिळायचा आणि तू माझ्या वाटचाही खायचास. ही लाइन इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज देऊन बांधवून घेतली होती, साडेचार टक्क्यांनी. राजाने सरकारला कर्ज द्यावं आणि वर व्याजही लावावं, हे एका बँकवाल्याला वाचून किती बरं वाटतं तुला कळणार नाही. घाटातला चढ चाळीसात एक आहे, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. कालाकुंडहून वर येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिन लावावं लागायचं, ते तर आपण खिडकीतून डोकं काढून बघायचो. रुळांशेजारी टंट्यामामाचं, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाचं ठाणं आहे. १८८९ च्या ४ डिसेंबरला जबलपूरला इंग्रजांनी त्याला फासावर चढवलं आणि इथे त्याचा देह आणून टाकला, असं लोक मानतात. ड्रायव्हर अजूनही त्याला मानवंदना देऊन पुढे जातात. आमच्या वाटाड्याने चपला काढून हात जोडले. मीही जोडले.

तिथे बसलो असताना तुला द्यायचं उत्तर सापडलं. चोरलचं हे पाणी खाली नर्मदेला मिळतं आणि अरबी समुद्रात जातं. इथून जवळच जानापावला चंबळ उगम पावते, ती उत्तरेला यमुनेकडे जाते. आपल्या राजवाड्यामागची कान्ह नदीही शिप्रेतून चंबळेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपलं गाव ज्या पाण्याच्या वाटेवर वसलं आहे ती नर्मदेकडे पाठ करून जाते, आणि तरी आपण नळाला नर्मदाच पितो. १९७० च्या दशकापासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी पाणी उचलून, हा अख्खा विंध्य चढवून, सत्तरेक किलोमीटरवरून आणतात. कड्यावरून फुकट खाली गेलेलं पाणी आपण वीज जाळून परत वर आणतो आणि त्यावर चहा करतो. रेल्वेला मागून इंजिन, पाण्याला पंप. हा घाट आजवर कुणी एकट्याच्या जोरावर चढलेला नाही. मग माझ्यासारख्या साठीच्या माणसाने २५० वॉट घेतले, तर तुझ्या पोटात का दुखावं?

परतीच्या रस्त्यातही चढ होतेच. आमच्यातल्या एका तरुणाने येताना सगळा वेळ मोटर सगळ्यात जोराच्या, पाचव्या नंबरवर ठेवली होती, ऐटीत पुढे. फाटकाच्या अलीकडेच त्याच्या रेघा संपल्या. बॅटरी संपलेली ई-सायकल म्हणजे पंचवीसेक किलोचं धूड, ते चढावर नुसत्या पायांनी ओढून बघ. तो शेवटी उतरून ढकलत आला आणि मी दुसऱ्या नंबरवर, घंटी वाजवत, त्याच्या बाजूने पुढे गेलो. घंटी वाजवायची गरज नव्हती, हे मान्य.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या. दुखल्या म्हणजे मी पेडल मारलं होतं, याचा आणखी कुठला पुरावा पाहिजे?

तर आता तू यायचं. सप्टेंबरात, पितृपक्षाच्या आत-बाहेर केव्हाही. दिवाळीपर्यंत थांबलास तर पाणी बारीक होतं आणि उन्हाळ्यात तर नुसता खडकच. शनिवारी रात्री पोच, रविवारी सकाळचं मी बुक करतो. पोरांकडे सायकली मोजक्याच आहेत, आठवडाभर आधी कळवावं लागतं. तुझं ब्लडप्रेशरचं औषध आणि गुडघ्याचा पट्टा बरोबर आण, बूट जुने घाल, ते पांढरे नकोत. हेल्मेट ते देतात, पण तुझ्या डोक्याच्या मापाचं असेल की नाही ते विचारून ठेवतो. वहिनींना पायी फिरण्यात गोडी असेल तर त्याही येऊ देत, सायकल नको असेल तर गाडीने थेट पाताळपाणीला येता येतं. भाकरवडी आणलीस तर अडवणार नाही.

तारीख कळव, पण फोनवर नको. लिहून कळव.

तुझा,
नाना