देवीच्या दगडाला ऑइल पेंट

आमच्या गल्लीतल्या देवळात मूर्ती नाहीच, जमिनीतून वर आलेला काळा खडक आहे, त्यालाच आम्ही देवी म्हणतो, लहानपणी आजी बोटाने शेंदूर-तेल लावायची तेव्हा हाताला त्याची खडबड कळायची. आता कमिटीने चारी बाजूंनी चकचकीत टाईल्स ठोकल्यात आणि शेंदराऐवजी चक्क केशरी ऑइल पेंट मारलाय! अहो हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, बाथरूमची भिंत नाही. वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा थर 2022 मध्ये तज्ज्ञांकडून काढला तेव्हा मूळ रूप दिसलंच की. शेंदूर निघतो, सिमेंटमध्ये बसवलेल्या टाईल्स काढायला मात्र छिन्नी लागेल, आणि ती देवीच्या अंगावर कोण चालवणार?

— एक भाविक, पुणे