छप्पर पुलासाठीच

महोदय,

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील छपराच्या ऐतिहासिक लाकडी पुलांवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र प्रवाशांना पाऊस-बर्फापासून आडोसा मिळावा म्हणून ही छपरे घातली, हे त्यातील विधान पटले नाही. आडोसा मिळे हे खरे, पण तो आनुषंगिक लाभ. छप्पर होते ते पुलाचा भार पेलणाऱ्या लाकडी कैच्यांसाठी, म्हणजे तुळया सांधून केलेल्या सांगाड्यांसाठी. सांध्यांत पाणी मुरत राहिले की लाकूड कुजते आणि उघडा लाकडी पूल एक-दोन दशकांतच खिळखिळा होतो. उलट, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट यांना जोडणारा, कनेटिकट नदीवरचा कॉर्निश-विंडसर पूल १८६६ चा. सुमारे ४४९ फूट लांबीच्या या पुलावरून अगदी आपल्या काळातही मोटारी धावत आल्या आहेत. पुरापुढे अर्थातच छपराचा इलाज चालत नाही. न्यूयॉर्क राज्यातील १८५५ चा ब्लेनहाइम पूल २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात वाहून गेला, याची हळहळ कायम राहील. पण कुजणे माणसाला रोखता येते. म्हणून दुरुस्तीसाठी पैसा अपुरा असेल, तर छप्पर आणि बाजूच्या फळ्या ही निव्वळ शोभा समजून त्यांचे काम लांबणीवर टाकू नये. पहिला खर्च तिथेच व्हावा.

– एक वाचक